काकडीवर औषध मारण्याआधी पान उलटून बघा



मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. नावा काठावर, आणि ग्वाल्हेरकडे आपल्या घरांमागे जुन्या जाळ्यांच्या मांडवावर काकडीचे वेल. या दिवसांत एकच विचारणा येते : पानं पिवळी पडली, कोणतं औषध मारू?

आधी सकाळी पान उलटून बघा. वरून शिरांच्या मधे चौकोनी पिवळे डाग आणि खालून करडी-जांभळट बुरशी असेल तर तो केवडा. पावसाळी दमट हवेत हाच जास्त येतो. रोगट पानं काढून जाळा, वेल मोकळा करा, पाणी मुळाशीच द्या. पानावर वरून टाल्कम पावडर सांडल्यासारखं दिसतंय? ती भुरी. गंधक चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पानंच भाजतात.

पानं आकसलेली, हिरवी-पिवळी चट्ट्यांची असतील तर तो मोझॅक, म्हणजे व्हायरस. त्याला औषध नाही. वेल उपटा, जीव तुटतो, पण तो ठेवला तर मावा रोग शेजारच्या वेलावर नेतो.

रोपाच्या कोवळ्या पानांना भोकं पडत असतील तर लाल भुंगेरे. सकाळी ते सुस्त असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

काकडी वाकडी झाली की सगळे फळमाशीला दोष देतात. तसं नसतं. मधमाश्या कमी आल्या, परागीभवन नीट झालं नाही, तरीही फळ वाकडं होतं. सालीवर बारीक टोचा, त्यातून डिंकासारखा थेंब आणि कापल्यावर आत अळ्या, तेव्हाच फळमाशी समजा. अशी फळं उकिरड्यावर टाकू नका, त्यातूनच नव्या माश्या निघतात. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. क्यू-ल्यूरचा गंध सापळा लावा. त्यात नर अडकतात. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली तर उत्तमच.

एवढं का सांगतोय? दुकानात सहज मिळणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं माशांसाठी जहर आहेत. फार थोडी मात्रा पुरते. केवड्यावरची तांब्याची औषधंही पाण्यात गेली की माशांना घातक. पंप तलावात किंवा नाल्यात धुतला तर नुकसान आपलंच, आणि तिघऱ्याचं पाणी तर अख्खं ग्वाल्हेर पितं. पंप धुतलेलं पाणी काठापासून लांब, वेलांच्याच कोरड्या मातीत ओता. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी फवारणी नकोच. मारायचंच झालं तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत काकडी तोडू नका.

ओळखता आलं नाही तर रोगट पान कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. किंवा इथे फोटो टाका, पण दोन : पानाची वरची बाजू आणि खालची. नुसत्या वरच्या फोटोवरून आम्हालाही सांगता येत नाही.