शिकारी कुत्रा आणि जागलीचा कुत्रा

शिकारी कुत्रा म्हटले की उंच, सडपातळ, बाणासारखा सुटणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. हे चित्र खोटे नाही, पण अर्धेच आहे. नॉर्वेचा नामांकित एल्कहाउंड आखूड पाठीचा, दाट करड्या केसांचा असतो. शेपटी पाठीवर गोल वळलेली. धावण्याच्या शर्यतीत तो कोणालाच हरवणार नाही. मग तो शिकारी कसा?

याचे उत्तर त्याच्या जंगलात आहे. उत्तर युरोपातील दाट अरण्यात दूरचे दिसत नाही. तिथे कुत्रा नाकाने माग काढतो. एल्क हे घोड्याएवढे हरिण सापडले की त्यावर तुटून न पडता तो त्याच्यापुढे मागेपुढे नाचत भुंकत राहतो आणि त्याला जागीच खिळवून ठेवतो. आवाजाच्या रोखाने मग शिकारी येतो. फिनलंडचा तांबूस स्पिट्झ झाडावर बसलेल्या रानपक्ष्याकडे बघून असाच भुंकतो. तिथे भुंकण्याच्या स्पर्धासुद्धा होतात! मालक बराच दूर असल्यामुळे हे कुत्रे स्वतःच्या बुद्धीने वागणारे आणि थोडे हट्टीही असतात.

आपल्या दख्खनचा कारवान अगदी उलट. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर मध्य आशियाकडून आलेल्या कुत्र्यांचा हा वंश मानतात. कर्नाटकात तो मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध आहे. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. उघड्या माळावर त्याचे काम डोळ्यांचे. ससा उठला की सुटायचे. म्हणून छाती खोल, कंबर बारीक, कातडी पातळ. धावताना तो भुंकत नाही. भुंकण्यात श्वास कशाला घालवायचा? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचे हे मूळ काम थांबवले. आज कुत्र्यांकरवी वन्यप्राण्याचा पाठलाग करणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे.

हे सारे मांडायला कारण आमच्या गावातले आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर चंद्रपूरचा फाटा फुटतो तिथे जाम आहे. चौकात नुसते ट्रक दिसतात, पण मागे कपाशी-तुरीची वावरे आहेत आणि रात्री रानडुकरे. माझी कॉलेजची फी तुरीवरच निघते, म्हणून जागल चुकत नाही. आमच्या धुऱ्याशेजारचे काका कारवानचे पिल्लू विकत आणायचे म्हणतात. जातिवंत कुत्रा असला की डुक्कर फिरकणार नाही, असे त्यांना वाटते. किंमत ऐकून माझे बाबा गप्प बसले.

माझ्या मते जागलीला हा कुत्रा उपयोगाचा नाही. अंधारात डोळ्यांचा कुत्रा काय करणार? मुकाट्याने धावून गेला तर मचाणावरच्या माणसाला कळणार कसे? आणि डुकराच्या सुळ्यांपुढे ती पातळ कातडी किती टिकणार? आमचा फाटक्या कानाचा गावठी कुत्रा वास लागताच उठतो, अंतर राखून भुंकतो आणि बॅटरी येईपर्यंत थांबत नाही. डुक्कर, रोही की माणूस, हे बाबा त्याच्या भुंकण्यावरून ओळखतात. कामाच्या दृष्टीने तो कारवानपेक्षा त्या नॉर्वेच्या कुत्र्याचाच भाऊबंद आहे.

काकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "कालेजात कुत्र्याइचंही शिकवते काय रे बाबू?" पिल्लाचे त्यांनी कापूस विकेपर्यंत पुढे ढकलले आहे. तूर मात्र आताच फुलावर आली आहे.