जुनें तेल-इंजिन : त्याचा जीर्णोद्धार व त्याचा गाडा

हस्तलिखितें, ताम्रपट व नाणीं यांविषयीं जी आस्था आपल्या वाचकांत आहे, ती जुन्या यंत्रांच्या वाट्यास फारशी आलेली नाहीं. विहिरीवर, पिठाच्या गिरणींत व उसाच्या चरकापाशीं ज्या तेल-इंजिनांनीं दोन-तीन पिढ्या काम केलें, तीं वीज आल्यावर कोपऱ्यांत पडलीं, आणि आतां त्यांतील पुष्कळ भंगाराच्या वजनानें विकलीं जातात. त्यांजबरोबर शेतीच्या व उद्योगाच्या इतिहासाचें एक साधन नष्ट होतें. असें इंजिन हातीं आल्यास त्याचा उद्धार कसा करावा आणि तें हलविण्यासाठीं गाडा कसा बांधावा, हें येथें एका प्रसिद्ध इंजिनाच्या आधारें सांगावयाचें आहे.

तें इंजिन म्हणजे इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत, डर्स्ले या गांवीं बनलेलें लिस्टर कंपनीचें ‘सी-एस्’ जातीचें इंजिन होय. रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनीं हा कारखाना १८६७ सालीं काढला. सी-एस् इंजिन १९३० च्या सुमारास बाजारांत आलें व अर्धशतकाहून अधिक काळ बनत राहिलें. ‘सी-एस्’ या अक्षरांचा अर्थ ‘थंड स्थितींत सुरू होणारें’ असा आहे, आणि या नांवांत त्या काळचा इतिहास सांठविलेला आहे. १८९२ सालीं ग्रँथम येथें हॉर्न्स्बी कंपनीनें अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या रचनेचीं जीं तेल-इंजिनें काढलीं, त्यांचा लोखंडी गोळा आधीं दिव्यानें तापवावा लागे. रूडोल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी झालें. त्यांत हवा दाबूनच इतकी तापते कीं तेल आपोआप पेटतें. लिस्टरनें हें तत्त्व लहान, शेतकऱ्याच्या आटोक्यांतील इंजिनांत आणलें. त्याच्या माथ्यावर एक फिरकीची झडप आहे. ती आवळली असतां दाबाच्या पोकळीचा एक भाग बंद होऊन हवा अधिक दाबली जाते व थंड इंजिन पेट घेतें. मग भार चढला म्हणजे ती उघडावयाची. पांच अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास ६०० फेरे करी व सहा अश्वशक्तीचें ६५०. नळकांड्याचा व्यास साडेचार इंच व दट्ट्याची धांव साडेपांच इंच असे.

आतां मूळ कोणतें व नक्कल कोणती, हा प्रश्न येतो. या इंजिनाच्या नकला राजकोटास मोठ्या प्रमाणावर निघाल्या, व त्यांचे पुष्कळसे भाग मूळ इंजिनास बसतात. यामुळें आज सांपडणारें इंजिन बहुधा मिश्र असतें. सांगाडा डर्स्लेचा, माथा राजकोटचा, नोझल तिसरीकडचें. ज्यांनीं पोथ्यांचे पाठ जुळविले आहेत त्यांना ही स्थिति परिचित आहे. भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली व १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्या रीतीनें झाली, तीच रीति येथें उपयोगी पडते : आधीं प्रत जशी आहे तशी नोंदावी, मग प्रक्षेप ओळखावे, आणि निर्णय शेवटीं द्यावा. केवळ पितळी पट्टीवर विश्वासूं नये; बनावट ताम्रपट जसे असतात तशी पट्टीही मागाहून लावलेली असूं शकते. अंतर्गत पुरावा पाहावा. मूळ इंजिनाचा क्रँक निमुळत्या रोलर-बेअरिंगांवर फिरतो, तर राजकोटकडील बऱ्याच इंजिनांत तो साध्या बुशांवर फिरतो. मूळ बोल्ट व्हिटवर्थ आट्यांचे असतात. मेट्रिक आट्यांचा बोल्ट आढळल्यास तो उत्तरकालीन समजावा.

म्हणून पहिलें काम पान्हा उचलण्याचें नसून लेखणी उचलण्याचें आहे. सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, पट्टीवरील क्रमांक, अश्वशक्ति व फेरे उतरून घ्यावे, आणि ओतकामांतील अक्षरांचे ठसे घ्यावे. पट्टी घासून चकचकीत करूं नये. घासण्यानें अक्षरें झिजतात.

दुसरें काम जाम झालेलें इंजिन सोडविण्याचें. येथें धीर हाच मुख्य गुण. नळकांड्यांत पातळ तेल घालून कित्येक दिवस राहूं द्यावें, व मग मोठें चाक हातानें थोडें थोडें हलवून पाहावें. चाकावर घण घालूं नये. ओतीव लोखंड वांकत नाहीं, तें फुटतें. चाकें क्रँकवर डोकें असलेल्या पाचरेनें, जिला कारागीर चावी म्हणतात तिनें, बसविलेलीं असतात. ती काढतांना डोक्यामागें निमुळती पट्टी ठोकून सरळ ओढून काढावी.

मग भाग सुटे करावे. नळकांड्याची झीज वरच्या टोंकाशीं सर्वांत अधिक असते, म्हणून माप वर, मध्यें व खालीं असें तीन ठिकाणीं घ्यावें. दट्ट्याच्या कड्या मोकळ्या आहेत कीं काजळीनें चिकटल्या आहेत तें पाहावें. झडपा व त्यांच्या बैठकी घोटण्याच्या लेपानें एकमेकींशीं जुळवाव्या. पाण्याच्या पोकळींतील क्षार काढावे, कारण या इंजिनास पाण्याचा पंप नाहीं. ऊन पाणी वर चढतें व गार पाणी खालून येतें, एवढ्यावरच तें गार राहतें. नोझलचा फवारा तपासतांना हात त्यापुढें कदापि धरूं नये. तेल कातडींतून आंत शिरतें व इजा फार भयंकर होते.

सुरू करण्यापूर्वीं गति-नियामक व तेल-पंप यांचा दुवा हातानें हलवून पाहावा. तो अडकला तर इंजिन बेफाम फिरूं लागतें, आणि तशा वेगानें मोठीं चाकें फुटण्याचा धोका असतो. हवेचें तोंड झांकण्यास एक फळी हाताशीं ठेवावी. पाचरेच्या पुढें आलेल्या डोक्यावर आवरण बसवावें. धोतराचा सोगा किंवा पदर तेथें अडकतो. नंतर निकासाची झडप उचलून हँडल फिरवावें, चाकांस वेग आला म्हणजे झडप सोडावी.

आतां गाडा. कारखान्यानें हें इंजिन जोत्यावर बसविण्यासाठीं केलें. म्हणजे तें स्थावर होय. परंतु संग्राहकास तें दाखवावयास न्यावें लागतें, तेव्हां त्यास जंगम करणें प्राप्त आहे. वजन तीनशे किलोंहून अधिक असल्यानें गाडा ठेंगणा व रुंद असावा. तीन चाकांचा गाडा वळणावर कलंडतो. चार चाकें घ्यावीं. चौकट सागाच्या जाड तुळयांची करून आडव्या तुळया आरपार बोल्टांनीं जखडाव्या. इंजिनाच्या मोठ्या चाकांचा घेर पायाखालीं किती उतरतो तें मोजूनच तुळयांची उंची ठरवावी. पुढचा आख मधल्या खिळीवर फिरता ठेवावा, पण त्यास दोहों बाजूंस अडणी असावी. तो पूर्ण आडवा झाल्यास टेकू कमी होऊन गाडा उलटतो. चाकें नवीन करावयाचीं असल्यास बाभळीचें लांकूड, जें आपले सुतार बैलगाडीस वापरीत आले, तेंच उत्तम. अक्षाचा आख, अराचा आरा हे शब्द वैदिक रथापासून चालत आले आहेत. चाक निसटूं न देणाऱ्या खिळीस संस्कृतांत ‘आणि’ म्हणत, मात्र आपल्या उभयान्वयी अव्ययाशीं त्या शब्दाचा संबंध नाहीं. ती खीळ प्रत्येक प्रवासापूर्वीं तपासावी. पाण्याची टाकी रिकामी करून न्यावी, व इंजिन चालवितांना चाकांस उटी लावून चौकटीखालीं लांकडी ठोकळे द्यावे. एक-नळी इंजिनाचे हिसके गाड्यास सरकवितात.

शेवटीं रंगाचा व नव्या भागांचा प्रश्न. कांहीं जण इंजिन अस्तल लोखंडापर्यंत घासून नवा हिरवा रंग देतात. तें सुंदर दिसतें, पण जुन्या रंगाखालीं गिरणीचें नांव, मालकाची खूण, दुरुस्तीची तारीख असूं शकते, व एकदां गेलेला लेख परत येत नाहीं. माझ्या मतें जुना रंग जेथें टिकला आहे तेथें नुसतें तेल पुसून राखावा. इंजिन चालतें राहावें म्हणून जो भाग बदलावा लागेल तो अवश्य बदलावा. परंतु नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूस साल कोरावें, आणि काढलेला भाग चिठी बांधून जपून ठेवावा. पोथीचा जीर्ण भाग नव्यानें लिहून जोडतांना प्रामाणिक लेखक तसें नमूद करतो. कारागिरानेंही तेंच करावें.

आपले सभासद दप्तरें शोधण्यास गांवोगांव जातात. त्यांनीं विहिरीच्या कांठचें इंजिनही पाहावें. त्याच्या पट्टीची नक्कल, घरांत असल्यास खरेदीची पावती व सुट्या भागांची सूचिपुस्तिका यांची नोंद करावी. कोणत्या गांवीं कोणत्या सालीं मोट सुटून इंजिन आलें, हें पुढील इतिहासकारास याच कागदांवरून कळणार आहे, आणि भंगारवाला त्यांची वाट पाहत थांबणार नाहीं.