पाळणेवाल्याची घाई

मोठ्या थीम पार्कात घालवलेल्या दिवसाचा हिशेब कुणीही कागदावर मांडून पाहावा. सकाळी साडेदहाला आत शिरलेलं कुटुंब संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडतं. एवढ्या वेळात राइडवर प्रत्यक्ष बसणं होतं ते अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त क्वचितच. रोलर कोस्टरची फेरी दोन-अडीच मिनिटांत आटोपते आणि छोट्यांचे गोल फिरणारे हत्ती-घोडे त्याहूनही लवकर थांबतात. बाकीचा दिवस रांगेत, या टोकाहून त्या टोकाला चालण्यात, स्वच्छतागृहात, जेवणाच्या काउंटरसमोर आणि ‘दादा कुठे गेला’ हे शोधण्यात जातो. जाहिरातीत मात्र फक्त तो पाऊण तास असतो. कोस्टर किती उंच, किती वेगवान, किती वेळा उलटा होतो, यावर पार्कांची आपसांतली चढाओढ चालते, आणि सहलीचं ठरवताना आपणही तेच आकडे बघतो. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी पार्कची परीक्षा कोस्टरच्या उंचीवरून करूच नये, असं माझं मत आहे. तासाभरात रांगेतली किती माणसं खुर्चीवर बसवली जातात आणि जी बसत नाहीत त्यांची सोय काय, एवढं पाहिलं तर पार्कची लायकी कळते.

रांगेला हे महत्त्व आलं ते तिकिटामुळे. जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे दर खेपेला वेगळे द्यावे लागतात. पाळणेवाल्याची मिळकत फेऱ्यांवर असते, म्हणून तो हाका मारून माणसं गोळा करतो, एकेक पाळणा खाली आणून भराभर भरतो आणि फेरी संपली की उतरवायलाही तितकीच घाई करतो. कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे 1955 साली डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा तिथेही काहीसा हाच व्यवहार होता. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे. लवकरच कुपनांची पुस्तिका आली, तिच्यात अ-ब-क-ड अशा प्रतवारीची तिकिटं असत आणि साध्या राइडला स्वस्त, नामांकित राइडला महाग कुपन फाडून द्यावं लागे. ही पद्धत 1982 पर्यंत चालली. मग एकरकमी तिकीट आलं: गेटवर एकदाच पैसे भरा आणि दिवसभर हवं तितकं फिरा. मुंबईकरांच्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून (1989) खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत (2013) आपल्याकडच्या पार्कांनीही मुख्यतः हाच धडा गिरवला. आईवडिलांना तो सोयीचा वाटतो, कारण मुलाने तिसऱ्यांदा हट्ट धरला तरी पाकिटाला हात लावावा लागत नाही. पण माणसं जास्त आणि खुर्च्या कमी असल्या की वाटप कशाने तरी होणारच. पूर्वी ते कुपनाच्या किमतीने व्हायचं, आता उभं राहण्याच्या तयारीने होतं. दुसरा बदल आणखी महत्त्वाचा आहे. पार्कचे पैसे सकाळीच जमा झालेले असतात. कोस्टरने तासात चाळीस खेपा केल्या काय आणि वीस केल्या काय, त्या दिवसाच्या गेटच्या गल्ल्यात फरक पडत नाही, वीज आणि झीज मात्र वाढते. पाळणेवाल्याची ती घाई इथे कुणाच्याच हिताची उरत नाही.

हे तपासायचं असेल तर राइडच्या फलाटाकडे नीट बघावं. रेल्वेच्या फलाटासारखाच तो भाग असतो: एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं, मध्ये आपोआप उघडणारी छोटी फाटकं आणि प्रत्येक फाटकासमोर जमिनीवर रंगवलेले आकडे. गाडी थांबते, छातीवरचे किंवा मांडीवरचे दांडे सुटतात, लोक उतरतात आणि पुढच्या खेपेचे लोक आत घुसतात. इथून पुढे वेळ कुठे जातो ते पाहण्यासारखं आहे. तिघांच्या कुटुंबाला दोन-दोनच्या रांगेत कुठे बसवायचं यावर चर्चा होते. कुणाच्या खिशात मोबाइल असतो, कुणाच्या डोळ्यांवर चष्मा, कुणाच्या खांद्यावर डब्याची रिकामी पिशवी. मग ते सगळं पलीकडच्या खणात ठेवायला माणूस पुन्हा उठतो. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या कोस्टरला पायाखाली तळच नसतो, पाय मोकळे लोंबतात, त्यामुळे चपलांचाही प्रश्न येतो. शिवाय अशा राइडला फलाटाची जमीन खाली सरकल्याशिवाय गाडी सुटत नाही. हे सगळं उरकलं की कर्मचारी पुढून मागे चालत येतो, प्रत्येक दांडा हाताने खाली दाबतो, पट्टा खेचून बघतो आणि शेवटी अंगठा वर करतो. समोरच्या खोलीतला चालकही तसाच अंगठा दाखवतो आणि बटण दाबतो. ही तपासणी सरावलेल्या दोन माणसांनी केली तर फार वेळ खात नाही. वेळ खातं ते आधीचं: पिशव्या, चपला, आणि ‘आम्हाला सगळ्यांना एकत्रच बसायचंय’.

समजा, गाडीत वीस जागा आहेत. दर दीड मिनिटाने गाडी सुटली तर तासाला चाळीस खेपा, म्हणजे आठशे माणसं. फलाटावर एकच माणूस असेल, पिशव्यांचा गोंधळ असेल आणि गाडी तीन मिनिटांनी सुटत असेल तर चारशे. पुढे चारशे जण उभे असतील तर पहिल्या पार्कात अर्धा तास लागेल, दुसऱ्यात एक तास. कोस्टर तोच, उंची तीच आणि तिकीटही तेच. शिवाय रुळांचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा सुरक्षेचा पक्का नियम असतो. त्यामुळे दोन गाड्या फिरत असल्या आणि फलाटावरची गाडी वेळेवर सुटली नाही, की मागून आलेली गाडी फलाटाबाहेर ब्रेकवर थांबते. त्या गाडीतली माणसं उन्हात, दांड्याखाली अडकून, पुढच्यांच्या चपला ठेवून होण्याची वाट बघत बसतात. ब्रेकवर अशी अडून राहिलेली गाडी दिसली की फलाटावर हात कमी आहेत असं खुशाल समजावं.

यंत्राच्या रचनेतूनही या दुखण्यावर उपाय निघतो, आणि डिस्नेच्या अभियंत्यांनी तो फार पूर्वी काढला. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बाहुल्यांची राइड 1964 च्या न्यूयॉर्क विश्वमेळ्यासाठी बनली. तिच्यात पाण्यावरच्या होड्या एकामागोमाग येतात आणि भरून पुढे सरकतात. 1967 मध्ये आणखी एक युक्ती आली. खुर्च्यांची अखंड साखळी सतत हळूहळू सरकत राहते, तिच्याच वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावरून चालत जाऊन लोक बसतात, आणि गाडी थांबवून भरायचा प्रश्नच येत नाही. ‘हाँटेड मॅन्शन’ हा भुताटकीचा वाडा याच साखळीवर चालतो. अशा राइडपुढची रांग लांबलचक दिसली तरी सरकत असते आणि आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे एकत्र बसू शकतात. जाहिरातीत हिला पहिलं पान मिळत नाही, कारण हिच्यात किंचाळण्याजोगं काही नाही. पण घरच्या सहा जणांच्या दिवसाचा भार अशाच राइड वाहतात.

कुटुंब म्हटलं की उंचीची पट्टी आली. राइडच्या तोंडाशी एक रंगीत खांब किंवा लाकडी पट्टी असते, मूल तिच्याखाली उभं राहतं, टाचा उचलून पाहतं आणि कर्मचारी हसून खांद्यावर हात ठेवतो. वय न विचारता उंची मोजतात याचं कारण सरळ आहे: दांडा आणि खुर्ची एका ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनलेली असते आणि लहान शरीर त्यातून निसटू शकतं. यावर हुज्जत घालणाऱ्या पालकांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. मात्र या पट्टीमुळे घराचे दोन तुकडे होतात. अकरा वर्षांची ताई आत जाते, पाच वर्षांचा धाकटा बाहेर राहतो आणि त्याच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूसही राहतं. बहुतेक वेळा ती आई असते किंवा आजी. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत यासाठी अदलाबदलीची सोय आहे: बाबा रांगेतून जाऊन येतात, मग आई पुन्हा रांग न लावता जाते आणि धाकट्याला बाबा सांभाळतात. या सोयीला यंत्र लागत नाही, फक्त एक नियम आणि तो माहीत असलेला कर्मचारी लागतो. बाहेर थांबणाऱ्यांसाठी सावलीतलं बाक लागतं, तेही अनेकदा राइडपासून लांब किंवा थेट उन्हात असतं. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे की, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना तो बाकावर दाणे खात बसायचा आणि मोठ्यांना मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी हा विचार त्याला तिथेच सुचला. त्याला मोठ्यांना बाकावरून उठवायचं होतं. आज कोस्टर इतके जहाल झालेत की घरातलं निम्मं माणूस पुन्हा बाकाच्याच शोधात असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रांगेचा एवढा त्रास असेल तर जादा पैसे भरून ‘एक्स्प्रेस’ पास घ्यावा. ज्याला परवडतं तो घेईल, इतरांचं त्यात काय जातं? देवळातही सशुल्क दर्शन असतंच. इतरांचं काय जातं ते वरच्याच हिशेबात दिसतं. तासाला चारशे जागा असलेल्या राइडवर निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेसाठी दोनशे उरतात आणि एक तासाची रांग दोन तासांची होते. पासामुळे एकही नवी खुर्ची तयार होत नाही. डिस्नेने 1999 मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता आणि वेळ आधी ठरवून घेता येत असे. 2021 मध्ये त्याची जागा पैसे भरून घ्यायच्या सेवेने घेतली. यातली मेख अशी की, साधी रांग जितकी रेंगाळेल तितका पास विकला जातो. एकरकमी तिकिटात पार्कला रांग हलवण्यात फायदा नव्हता, पासामुळे ती तुंबण्यात फायदा निर्माण झाला. कुणी मुद्दाम गाड्या सावकाश सोडतं असा आरोप मी करत नाही. पण फलाटावर दुसरा माणूस नेमायचा खर्च ज्याने मंजूर करायचा, त्याच्यासमोर पासाच्या विक्रीचाही आकडा असतो, एवढं पुरेसं आहे. पासाच्या उत्पन्नामुळे गेटचं तिकीट स्वस्त राहतं हा युक्तिवादही होतो आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण चौघांच्या घराने ते स्वस्त तिकीट काढायचं आणि उन्हात दुप्पट उभं राहायचं, याला स्वस्त म्हणणं जड जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गर्दी होते ती मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळच्या सुट्टीत. एरवी मधल्या वारी पार्क ओस असतो. चार दिवसांच्या गर्दीसाठी कोट्यवधींची राइड कोण बांधणार? बरोबर आहे, नवी राइड बांधा असं मी म्हणतच नाही. असलेल्या राइडच्या फलाटावर गर्दीच्या दिवशी एक जण पिशव्या-चपलांसाठी, एक जण जागा नेमून देण्यासाठी असे दोन हात वाढवणं हा हंगामी खर्च आहे. आणखी काही जण म्हणतात, थांबण्याचीही मजा असते. सजवलेली रांग हा राइडचाच भाग आहे. हे मलाही मान्य आहे. डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्याचं सार कुठल्याही आईला ठाऊक आहे: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि कारण न सांगता थांबवलं की चिडचिड वाढते. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये 2012 साली डम्बो हत्तींचे एकाचे दोन पाळणे केले आणि रांगेच्या जागी सर्कशीच्या तंबूसारखी सावलीतली खेळायची जागा दिली. पालकांच्या हातात पेजर, मुलं घसरगुंडीवर, नंबर आला की पेजर थरथरायचा. पण तिथे दोन्ही गोष्टी झाल्या हे विसरून चालत नाही. तंबू उभारला आणि हत्तीही दुप्पट केले. नुसती चित्रं रंगवून रांग हलत नाही.

पार्कांनी एक छोटी गोष्ट करावी असं मला वाटतं. राइडच्या तोंडाशी ‘अंदाजे 45 मिनिटे’ असा फलक बहुतेक ठिकाणी असतो. तो आकडा कसा काढायचा हेही ठरलेलं आहे. डिस्नेत तर एखाद्या पाहुण्याच्या हाती रांगेच्या सुरुवातीला लाल कार्ड देऊन ते आत परत घेतलं जायचं आणि मधला वेळ मोजला जायचा. या आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा लावावा: मागच्या तासात या राइडवर किती माणसं बसली. खेपा मोजणारी यंत्रणा आधीच असते, फक्त आकडा बाहेर दाखवायचा. दुपारी एक वाजता कुठल्या रांगेत मुलांना घेऊन उभं राहावं हे त्या एका आकड्यावरून कळेल. आकडा वाढवण्याच्या नादात कर्मचारी दांडे नीट तपासणार नाहीत, अशी शंका येणं योग्य आहे. म्हणून तपासणीच्या वेळेला हात लावायचा नाही, ती पूर्ण झाल्याशिवाय गाडी सुटणारच नाही अशी व्यवस्था ठेवायची आणि वेळ वाचवायचा तो त्याच्या आधीचा. पिशव्यांचे खण फलाटावर न ठेवता रांगेच्या शेवटच्या वळणावर आणले, आणि चपला काढायची सूचना खुर्चीत बसल्यावर देण्याऐवजी तिथेच दिली, तर गाडी फलाटाला लागेपर्यंत माणसं रिकाम्या हातांनी, आपापल्या आकड्यावर उभी असतील.