घाताचे चिन्ह नसलेल्या भाषेत

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली 'सी' या संगणकभाषेविषयी जे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात स्वतःचे फंक्शन कसे रचावे हे शिकविण्यासाठी त्यांनी दाखला घेतला आहे तो पूर्णांकाचा घात काढण्याचा. आणि ही निवड सहज झालेली नव्हती, कारण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि भागाकारातील बाकी एवढ्यांची तरतूद असलेल्या त्या भाषेत घातक्रियेला चिन्हच नव्हते, आणि आजही ते नाही. १९५७ च्या फोरट्रानमध्ये दोन तारका शेजारी शेजारी मांडल्या की घात होई, १९६४ च्या बेसिकमध्ये वर रोखलेला बाण तेच काम करी. परंतु सी भाषेत एखाद्या नवख्या विद्यार्थ्याने गणिताच्या सवयीने २ आणि १० यांच्यामध्ये टोपीचे चिन्ह घातले, तर १०२४ ऐवजी त्याच्या पदरात ८ पडतात, आणि भाषेच्या नियमांनुसार त्यात काही चूकही नसते, कारण त्या भाषेत ते चिन्ह दोन संख्यांची द्विमान रूपे एकाखाली एक मांडून, जेथे अंक भिन्न तेथे १ आणि जेथे समान तेथे ० असे उत्तर देते.

रिचीने १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली तेव्हा ज्या यंत्रासाठी ती घडविली त्या यंत्राला घात काढण्याचा हुकूम ठाऊक नव्हता, आणि यंत्र जे एकदोन हुकमांत करू शकते त्यालाच भाषेत चिन्ह द्यावे हा सी भाषेचा एकंदर स्वभाव. घातासाठी गणिताच्या लायब्ररीत एक फंक्शन पुढे ठेवलेले असते हे खरे, परंतु ते दशांशी संख्यांवर चालते, पूर्णांकांच्या बिनचूक हिशेबासाठी ते निर्माण झालेले नाही. मला ही वागणूक योग्य वाटते. एका चिमुकल्या चिन्हाआड किती गुणाकार दडले आहेत, आणि ते कोणत्या जातीच्या संख्यांचे आहेत, हे लिहिणाराला स्वतः ठरवावे लागते. आणि ते ठरविताना त्याच्या ध्यानात येते की, घात या एका नावाखाली आपण दोन अगदी भिन्न व्यवहार एकत्र बांधून ठेवले आहेत.

त्यांपैकी पहिला, घातांक पूर्णांक असतो तेव्हाचा. येथे घात म्हणजे पुनःपुन्हा केलेला गुणाकार, याहून अधिक काही नाही. हाती १ घ्यावा, त्याला पायाने गुणावे, आलेल्या फलाला पुन्हा पायानेच गुणावे, आणि घातांकाइतके वेळा हे झाले की थांबावे. आरंभ १ पासून केल्यामुळे शून्याव्या घाताचा प्रश्नही आपोआप सुटतो, कारण एकदाही गुणावयाचे नसेल तर हाती तो १ तसाच राहतो. आणि घातांक ऋण असेल तर धन घातांकाचे उत्तर काढून त्याने १ ला भागले की काम झाले. सावधगिरी हवी ती निराळ्याच ठिकाणी. ज्या पूर्णांकाला यंत्राने ३२ बिटांची जागा दिली आहे, त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७. १० चा नववा घात तीत मावतो, दहावा मावत नाही, आणि तो काढावयास सांगितले असता बहुतेक यंत्रे १००० कोटींच्या जागी १४१००६५४०८ ही संख्या निमूटपणे पुढे करतात. म्हणून प्रत्येक गुणाकारापूर्वी तो मावेल किंवा नाही याची तपासणी करणे हे घात काढणाऱ्या फंक्शनाच्या कर्त्याचे कर्तव्यच आहे.

दुसरा व्यवहार अपूर्णांकी घातांकाचा. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली तेव्हापासून चालत आलेला मार्ग असा की, पायाचा लॉग घ्यावा, त्याला घातांकाने गुणावे आणि येणाऱ्या संख्येचा प्रतिलॉग काढावा. जुन्या पिढीतील विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दालनात लॉगच्या कोष्टकांचे पुस्तक उघडून नेमके हेच केलेले आहे. झुरिकच्या निकलाउस विर्ट यांनी १९७० साली जी पास्कल भाषा प्रसिद्ध केली तिच्यातही घाताचे चिन्ह नव्हते, परंतु लॉग आणि त्याची उलट क्रिया या दोन्ही होत्या, त्यामुळे पास्कल लिहिणारे सर्रास हाच मार्ग धरीत. मार्ग उत्तम, पण तो सरसकट सर्वत्र लावण्याची प्रथा मात्र घातक. ऋण संख्येचा लॉग या कोष्टकांत सापडत नाही, म्हणून उणे २ चा घन, जो शाळकरी मुलगाही उणे ८ असा सांगेल, या वाटेने निघत नाही. आणि लॉग हा मुळातच अदमासाने लिहिलेला असल्यामुळे ५ चा घन १२५ न येता १२४.९९९९९९ असा काहीसा येऊ शकतो, व पुढे कोणी दशांशचिन्हामागचा भाग टाकून दिला की १२४ उरतात. जेथे उत्तर नेमके असू शकते तेथे अदमासाची वाट धरण्याचे कारण नाही.

आता नेमक्या वाटेविरुद्ध एकच आक्षेप उरतो, तो म्हणजे ती लांब आहे. घातांक हजाराचा असला तर हजार गुणाकार कोणी करावेत? या आक्षेपाचे उत्तर संगणकाच्या जन्मापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे आपल्या छंदःशास्त्राने देऊन ठेवले आहे. पिंगलाचार्यांपुढचा प्रश्न असा होता की, अमुक अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु असू शकते, तर एकूण किती प्रकारचे चरण संभवतात? उत्तर अर्थातच २ चा तितकावा घात. परंतु दोनास दोनाने गुणीत बसण्याऐवजी छंदःसूत्राच्या आठव्या अध्यायात त्यांनी अत्यंत अल्पाक्षरी अशी एक रीत सांगितली, जिचा दहाव्या शतकातील टीकाकार हलायुधाने सविस्तर उलगडा केला आहे. आपल्या लग्नात मंगलाष्टके ज्या वृत्तात म्हटली जातात ते शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचे, म्हणून १९ हीच संख्या घेऊ. संख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे आणि बाजूस 'दोन' अशी खूण करावी. विषम असेल तर एक वजा करून 'शून्य' अशी खूण करावी. १९ चे १८ होतात, खूण शून्य. १८ चे ९, खूण दोन. ९ चे ८, शून्य. मग ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १, तिन्ही वेळा दोन. शेवटी १ चे ०, खूण शून्य. आता १ हाती घेऊन या खुणा उलट क्रमाने वाचाव्यात, शून्य आले की दुप्पट करावी, दोन आले की वर्ग करावा: १ चे २, मग वर्ग ४, वर्ग १६, वर्ग २५६, दुप्पट ५१२, वर्ग २६२१४४, आणि शेवटची दुप्पट ५२४२८८. सात पायऱ्यांत उत्तर हाती आले, आणि ते अचूक आहे. त्या सव्वापाच लाख प्रकारांपैकी एकाला शार्दूलविक्रीडित हे नाव आहे.

दुप्पट करण्याच्या जागी 'पायाने गुणावे' एवढाच बदल केला की, हीच रीत कोणत्याही पायाला लागू पडते. दहा हजार रुपये मुद्दल द. सा. द. शे. ८ दराने, वार्षिक चक्रवाढीने, वीस वर्षांच्या मुदतीसाठी ठेवले, तर १.०८ चा विसावा घात हवा. सरळ रीतीने एकोणीस गुणाकार, परंतु १.०८ चा वर्ग १.१६६४, त्याचा वर्ग म्हणजे चौथा घात सुमारे १.३६०५, पुन्हा वर्ग म्हणजे आठवा सुमारे १.८५०९, पुन्हा वर्ग म्हणजे सोळावा सुमारे ३.४२५९, आणि सोळाव्याला चौथ्याने गुणले की ४.६६१० च्या जवळची संख्या येते, पाचच गुणाकारांत. पूर्ण अंक धरून रक्कम होते ४६,६०९ रुपये ५७ पैसे. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या संगणकशास्त्रावरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात या रीतीचा इतिहास देताना पिंगलांचा मान प्रथम ठेवला आहे, आणि त्यांच्यामागून ९५२ साली दमास्कसचा अल्-उक्लीदिसी व १४२७ साली अल्-काशी यांची नावे घेतली आहेत.

एवढी सुंदर रीत सर्वांत थोड्या गुणाकारांची असणार असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. पंधरावा घात पिंगलांच्या रीतीने काढला तर दुसरा, तिसरा, सहावा, सातवा, चौदावा आणि पंधरावा असे सहा गुणाकार लागतात. उलट दुसरा, तिसरा, सहावा, बारावा असे चढत जाऊन बाराव्याला तिसऱ्याने गुणले तर पाचांतच काम भागते. एखाद्या घातांकासाठी गुणाकारांची लहानात लहान साखळी कोणती, हे चटकन सांगणारी रीत अजून सापडलेली नाही.

घातांकात अर्धाच काय तो अपूर्णांक असेल तर लॉगवाचूनही निभावते. अडीच वर्षांचा हिशेब हवा असेल तर १.०८ चा वर्ग करून त्याला १.०८ च्या वर्गमुळाने गुणावे. आणि वर्गमूळ हवे तर १.०४ हा अंदाज घ्यावा, १.०८ ला त्याने भागावे, अंदाज आणि भागाकार यांची सरासरी काढावी. एकाच फेरीत १.०३९२३०८ मिळते, आणि खरी किंमत १.०३९२३०५ आहे. घातांक याहून वेडावाकडा असेल तरच लॉगकडे वळावे, आणि उत्तरात कसर राहणार हे धरून चालावे.

पूर्णांकी घाताचे सर्वांत मोठे काम आज गुप्तलेखनात होते. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली मांडलेल्या आरएसए पद्धतीत संदेशाला संख्या समजून तिचा मोठा घात काढतात आणि एका विशाल संख्येने भागून बाकी तेवढी ठेवतात. कुलूप लावण्याच्या बाजूचा प्रचलित घातांक ६५५३७, म्हणजे २ च्या सोळाव्या घाताहून एक अधिक. म्हणून सोळा वर्ग आणि वर एक गुणाकार, अशा सतरा क्रियांत काम होते. कुलूप उघडण्याच्या बाजूचा घातांक मात्र २०४८ बिटांच्या किल्लीत सहाशेहून अधिक अंकांचा असू शकतो. एकेक गुणाकार करीत गेल्यास जगातील सर्व यंत्रे मिळूनही तो कधी संपणार नाही, आणि अर्धे करीत व वर्ग करीत गेल्यास, प्रत्येक पायरीवर बाकी काढून संख्या आटोक्यात ठेवीत, तोच घात दोन हजारांच्या आसपास वर्गांत आणि फार तर तितक्याच जादा गुणाकारांत, निमिषार्धात निघतो.