कुत्र्यांच्या दातांची निगा व तिचे शिक्षण

विदर्भातील कोणत्याही गुरांच्या बाजारात जा. बैलाची किंमत ठरण्यापूर्वी त्याचे तोंड उघडून पाहिले जाते. अदात, दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला, अशा पायऱ्यांनी जनावराचे वय सांगणारी मंडळी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव आढळतात. हे ज्ञान त्यांना कोणत्या पाठशाळेत मिळालेले नसते; बापाने मुलाच्या हाती बैलाचा ओठ दिला आणि मुलगा शिकला. परंतु त्याच घराच्या ओसरीवर दहा-बारा वर्षे राखण करणाऱ्या कुत्र्याचे तोंड बहुधा जन्मात एकदाही कोणी उघडून पाहिलेले नसते. बैल विकावयाचा असतो, कुत्रा विकावयाचा नसतो, हे याचे कारण असावे. शहरातील सुशिक्षित घरांची स्थिती निराळी नाही. तेथे कुत्र्याला गादी असते, नाव असते, वाढदिवसही असतो. पण त्याच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली की, “कुत्रेच ते, वास यायचाच,” असे म्हणून विषय संपतो.

वस्तुतः तो वास कुत्रेपणाचा नसून रोगाचा असतो. कुत्र्याला दुधाचे दात २८ येतात व सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी कायमचे ४२ दात येतात. वरच्या जबड्यात २० आणि खालच्या जबड्यात २२. आपल्याप्रमाणे दात किडणे हा कुत्र्यांत विरळा प्रकार आहे. त्यांचा खरा शत्रू हिरडीचा रोग. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर जमतो. एका दिवसात तो तयार होतो, आणि कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक क्षारधर्मी असल्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचे टणक पिवळे कीटण बनते. मऊ थर घरच्या ब्रशाने निघतो. कीटण निघत नाही. पुढे जंतू हिरडीखाली शिरतात, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. लहान जातींच्या कुत्र्यांत, ज्यांचे दात चिमुकल्या जबड्यात दाटीने उभे असतात, हा रोग लवकर गाठतो. आणि हे सारे मुक्याने चालते. कुत्रा दुखते म्हणून खाणे सोडतोच असे नाही. तो एका बाजूने चावतो, भाकरीचा कडक तुकडा टाकून देतो, डोक्यावरून हात फिरविल्यास मान वळवितो. घरचे लोक म्हणतात, म्हातारा झाला.

येथे पशुवैद्यांच्या शिक्षणाचा प्रश्न येतो. आपल्या इलाख्यातील पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. नागपूरचे १९५८ मध्ये. आणि २००० साली नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. तथापि या शास्त्राचा पाया हिंदुस्थानात घातला गेला तो लष्कराच्या घोड्यांसाठी व शेतीच्या गुरांसाठी. घरातील कुत्रा त्या शाळेत उशिरा दाखल झालेला विद्यार्थी आहे, आणि त्याचे दात तर त्याहूनही उशिरा. आजही पदवीच्या साडेपाच वर्षांत दंतचिकित्सा हा शल्यशास्त्राचा एक कोपरा असतो. अमेरिकेत पशुदंतवैद्यांचे स्वतंत्र विशेषज्ञ मंडळ १९८८ मध्ये मान्य झाले. लहान पशूंच्या वैद्यांच्या जागतिक संघटनेने दंतचिकित्सेची मार्गदर्शक सूत्रे तयार केली, त्यांतही पशुवैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय पुरेसा शिकविला जात नाही अशी स्पष्ट तक्रार आहे. तेव्हा उणीव एकट्या आपलीच नाही.

मग शिकावयाचे ते काय? प्रथम, मोजणे. भूल दिलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक दाताभोवती चार ते सहा ठिकाणी बारीक शलाका घालून हिरडीची खोली पाहावयाची असते. ३ मिलिमीटरपर्यंत ती निरोगी समजतात. ४२ दात म्हणजे एका तोंडात १६८ ते २५२ मापे झाली. (गणिताच्या मास्तराला हा हिशेब केल्यावाचून राहवत नाही!) ही मापे तक्त्यावर टिपावयाची, क्ष-किरणांनी मुळे पाहावयाची, हिरडीच्या वरचे व खालचेही कीटण काढावयाचे आणि शेवटी दात गुळगुळीत करावयाचा, कारण खरवडलेल्या खडबडीत दातावर थर पुन्हा लवकर बसतो. भुलेवाचून, जागेपणी कुत्र्याला दाबून धरून “दात स्वच्छ करून देतो” म्हणणारे लोक शहरांत भेटतात. ते दिसणारा भाग चकचकीत करतात आणि रोग हिरडीखाली होता तेथेच राहतो. हे काम भिंतीची ओल न काढता वर चुना फासण्यासारखे आहे.

दुसरे शिक्षण ओळखण्याचे. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ सर्वांत मोठी व चिरण्याच्या कामाची असते. दगडासारखे हाड चावताना ती फुटते, मुळाशी पू होतो आणि डोळ्याखाली गळू येते. मालक त्यावर मलम लावतो, गळू बसते, महिन्याने परत येते. डोळ्याखालची जखम पाहून तोंड उघडणारा वैद्य आणि न उघडणारा वैद्य यांत जो फरक आहे, तोच या शिक्षणाचा सगळा फरक आहे.

घरच्या माणसांचे शिक्षण सोपे, पण नित्याचे आहे. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असतानाच बोटाला मऊ फडके गुंडाळून ओठ किंचित वर करून दातांची बाहेरची बाजू पुसण्याची सवय लावावी. पुढे मऊ ब्रश. रोज करावे, आठवड्यातून एकदा केल्याचा उपयोग नाही. आपली पेस्ट मात्र वापरू नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सारे गिळतो. आणि काही पेस्टमध्ये असणारा झायलिटॉल हा गोड पदार्थ त्याला विषच आहे. फ्लोराइड पोटात गेल्याने काय होते हे आमच्या जिल्ह्याला सांगावयास नको; पांढरकवड्याच्या बाजूच्या विहिरींच्या पाण्याने माणसांच्या दातांवर ते लिहून ठेवले आहे. मिसरीही नको. चघळावयास देण्याच्या वस्तूवर नखाचा ठसा उमटत नसेल तर ती देऊ नये. शिजविलेले हाड तर मुळीच नको, त्याच्या कपच्या होतात. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचा सुळा व नवा सुळा शेजारी शेजारी दिसले तर ते पशुवैद्यास दाखवावे.

मात्र एक सूचना या सर्वांहून महत्त्वाची. ज्या कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, त्याच्या घशात हाड अडकले असे समजून कोणीही तोंडात हात घालू नये. पिसाळण्याच्या रोगाचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. त्यात कुत्रा चवताळत नाही, नुसता सुस्त पडून राहतो. दया येऊन हात घातलेल्या माणसाला लाळ लागते, आणि रोगाची लक्षणे उमटल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. हात लागलाच तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दंतपरीक्षेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने तर कुत्र्याचा पहिला ओठ उचलण्यापूर्वी स्वतःच ही लस टोचून घ्यावी.

घरच्या कुत्र्याला ती लस देण्यासाठी वर्षातून एकदा पशुवैद्याकडे जाणे होतच असते. त्या वेळी सुई टोचून झाली की लगेच साखळी ओढून निघू नये. “डॉक्टर, जरा दाढा पाहता का?” एवढे विचारावे. ओठ उचलून दोन्ही बाजू पाहावयास मिनिटभर पुरते.