सलाईन वर, पिशवी खाली

जुळे सोलापुरातून सिव्हिलकडे निघालेल्या रिक्षात कधी कधी एक दृश्य दिसते. आजोबा टेकून बसलेले, शेजारी मुलगा, आणि मुलाच्या हातात लघवीची पिशवी, खांद्याइतकी उंच धरलेली. सलाईनची बाटली उंच धरायची असते हे सगळ्यांनी पाहिलेले असते. तोच नियम या पिशवीला लावला जातो. खरे तर दोन्हींचे काम उलटे. सलाईन शरीरात जायचे म्हणून ते वर. लघवी बाहेर यायची म्हणून पिशवी मूत्राशयाच्या खाली. ती वर गेली की नळीतली जुनी लघवी जंतूंसह परत आत उतरते. काही पिशव्यांत हा उलटा प्रवाह रोखणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. रिक्षात पिशवी पोटरीच्या उंचीला धरावी आणि घरातून निघण्याआधीच ती रिकामी करावी.

प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली, पक्षाघात झाला, मणक्याला मार बसला, अशा कारणांनी अनेक जण नळी घेऊनच घरी परततात. सुटी मिळताना गोळ्यांच्या वेळा नीट समजावल्या जातात. पिशवीचे मात्र बहुतेक वेळा ‘भरली की ओता’ एवढ्यावरच भागते. आणि घरी ती ओतते बहुधा बायको, मुलगी किंवा सून. सासऱ्यांना संकोच, सुनेला संकोच. मग काम घाईघाईत उरकले जाते.

आज वापरतात ती फुग्याची नळी अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. ती 1930 च्या दशकातली. आत साधारण 10 मिली पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो, त्यामुळे नळी निसटत नाही. पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडत, आणि तीन-चार दिवसांत जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. कॅल्व्हिन क्युनिन आणि रेजिना मॅक्कॉर्मॅक यांनी 1966 साली दाखवून दिले की नळी आणि पिशवी पूर्ण बंद ठेवली, तर हे बरेच लांबवता येते. बंद पद्धतीतही दर दिवसागणिक 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. म्हणजे टाळता येण्यासारखा धोका आहे तो मुख्यतः उघडण्यात. जितक्या वेळा सांधा सोडाल, तितकी जंतूंना वाट.

म्हणून नळी आणि पिशवी जिथे जोडली आहे तो सांधा सोडायचाच नाही. रिकामे करायचे ते तळाच्या तोटीतून. पिशवी अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की, आणि तेवढी भरली नाही तरी दर आठ तासांनी. दोन लिटरची पिशवी तुडुंब भरली की दोन किलोचे ओझे होते आणि ते आतल्या फुग्याला ओढते. नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बसवली तर ही ओढ कमी होते.

आधी साबणाने हात धुवावेत. सोलापुरात उजनीचे पाणी काही दिवसांआड येते. नळाला पाणी नसेल तेव्हा बादलीत हात बुडवू नयेत. दुसऱ्याने मगाने वरून पाणी ओतावे. हातमोजे घातले तरी हात धुणे चुकत नाही. या कामासाठी एक मग वेगळा ठेवावा. तोटी मगाच्या कडेला किंवा फरशीला टेकू देऊ नये. लघवी ओतून झाली की स्पिरिटच्या बोळ्याने तोटी पुसून घट्ट बंद करावी, किती मिली झाली ते वहीत लिहावे, मग धुऊन पालथा घालावा आणि पुन्हा हात धुवावेत. नळीभोवतीची त्वचा रोज साध्या साबण-पाण्याने धुतली की पुरे. तिथे डेटॉल, सॅव्हलॉन लावण्याची हौस बऱ्याच घरांत असते. त्याने फायदा नाही, त्वचा मात्र चुरचुरते.

पिशवी धुवायची कशी? शक्यतो धुवूच नये. धुण्यासाठी सांधा सोडावा लागतो, आणि तिथेच सगळे बिघडते. साधी पिशवी फार महाग नसते. साधारण आठवड्याने, किंवा गळू लागली, फार वास येऊ लागला तर आधीच, नवी लावावी. जुनी रिकामी करून कागदात गुंडाळून घंटागाडीला वेगळी द्यावी. हिंडते-फिरते रुग्ण दिवसा मांडीची छोटी पिशवी वापरतात. त्यांनी ती न काढता, रात्रीची मोठी पिशवी तिच्याच तोटीला जोडावी. रात्रीची पिशवी पुन्हा वापरण्याशिवाय इलाज नसेल, तर आधी पाण्याने खळबळावी, एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी भरून अर्धा तास ठेवावी, ओतून टाकून उलटी टांगून वाळवावी आणि टोकाला टोपण लावावे.

जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांची पंचाईत असते. पिशवीला खाली जायला जागाच उरत नाही. नळी असेपर्यंत तरी खाट किंवा पलंग मिळवावा आणि पिशवी त्याच्या कडेला टांगावी, जमिनीला न टेकता. लाज वाटते म्हणून कित्येक जण लग्नकार्याला जाणे सोडतात. जुन्या सोलापुरी टॉवेलची छोटी थैली शिवून पिशवी झाकता येते. थैली मात्र रोज धुतलेली हवी.

आणखी एक चूक उन्हाळ्यात होते. पारा चाळिशी ओलांडतो आणि पिशवी लवकर भरू नये म्हणून पाणीच कमी प्यायले जाते. लघवी दाट होते, गाळ साचतो, नळी तुंबते. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल, तर दिवसाला दोन लिटर तरी पोटात जावे.

महिनाभर नळी राहिली की जवळपास सर्वांच्या लघवीत जंतू सापडतात. ताप नाही, त्रास नाही, तरी तपासणीच्या अहवालात ‘पू’ दिसला म्हणून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणणे हा पैशाचा अपव्ययच. शिवाय पुढे खरी गरज पडते तेव्हा ती औषधे लागू पडत नाहीत. कधी तर पिशवी चक्क जांभळी होते आणि घर हादरते. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, लघवीतले काही जंतू हा रंग तयार करतात. सहसा पोट साफ होऊन नळी-पिशवी बदलली की तो जातो. डॉक्टरांना दाखवावे हे खरे, पण रात्रीच धाव घेण्याची गरज नाही.

धाव घ्यायची ती वेगळ्या खुणांवर. थंडी वाजून ताप, कंबरेत वा ओटीपोटात दुखणे, म्हाताऱ्या माणसाने अचानक असंबद्ध बोलणे, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या. पिशवीत दोन-तीन तास थेंबही आला नाही, तर आधी नळी मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का ते पाहावे. तरीही येत नसेल, पोट तटतटले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. नळी स्वतः ओढून काढू नये, कापूही नये. फुगा आत फुगलेला असतो.

लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवडे, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. बदलण्याची तारीख सुटीच्या कागदावर नसेल तर विचारून लिहून घ्यावी. त्याच वेळी विचारावे, की ही नळी अजून लागतेच का? प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेल्या बऱ्याच रुग्णांत काही दिवस गोळ्या दिल्यावर नळी काढून पाहता येते, पण तसे पाहायचे कधी, ते ठरायला हवे.