मंगलाष्टकं चालू असताना आरसा अडकला

आमच्या बीड जिल्ह्यात लग्नाची तारीख नुसती पंचांग पाहून ठरत नाही, ऊसतोड पाहूनही ठरते. दिवाळीच्या आसपास माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माघारी येतात. मग धारूर, वडवणी, पाटोदा, गेवराई, जिकडं जावं तिकडं मांडव. मी या मांडवांत फोटो काढतो. एका लग्नात 3,000 फोटो सहज होतात. 40 लग्नं धरली तर एका हंगामात कॅमेऱ्याचं शटर 1 लाख 20 हजार वेळा चालतं. आमच्यासारखे लोक वापरतात त्या डीएसएलआरच्या शटरची चाचणी कंपन्या 1 ते दीड लाख फोटोंपर्यंत घेतात. त्यापुढं ते लगेच बंद पडतं असं नाही, पण भरवसा कमी होतो.

वडवणी तालुक्यातलं एक लग्न मला विसरता येत नाही. मुलीचे आईवडील आठ दिवसांपूर्वीच तोडीवरून आले होते. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, हळद-कुंकवात रंगवलेल्या. दर ‘सावधान’ला मूठमूठ ज्वारी उडते. दोन मंगलाष्टकांच्या मधे मी घाईनं लेन्स बदलली आणि बटण दाबलं. खट्ट असा आवाज आला आणि डोळ्यासमोर अंधार. पडद्यावर एररचा आकडा. तोपर्यंत अंतरपाट खाली आला होता. त्या मुलीनं हार घातला तो क्षण माझ्याकडं नाही.

बाजूला जाऊन बॅटरी काढली, लेन्स उतरवली, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं केलं आणि रबरी ब्लोअरनं दोनदा हवा मारली. ज्वारीचा एक लाल दाणा तळहातावर पडला. फोटोसाठी वर गेलेला कॅमेऱ्यातला आरसा आणि पेटीची कड यांच्या बेचक्यात तो बसला होता. बॅटरी घातल्यावर आरसा आपोआप खाली आला. शटर शाबूत होतं. मी मात्र मनात पंधरा हजारांचा खर्च धरून बसलो होतो.

त्या दिवसापासून एक नियम पाळतो: दुरुस्तीच्या गोष्टी नंतर, आधी दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा ते वेगळं करायचं. इथून पुण्याला कॅमेरा नेऊन दाखवायचा म्हणजे ऐन हंगामातला अख्खा दिवस जातो. लेन्स काढा, दुसरी लावा. दुसरीनं नीट चाललं तर पहिली आजारी. दोन्हीनं तेच झालं तर कॅमेरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारलं ते कळतच नाही.

कॅननच्या कॅमेऱ्यात ‘एरर 01’ दिसला तर त्याचा अर्थ कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं तुटलंय. लेन्सच्या मागं सोनेरी ठिपके असतात, त्यांच्यातून हे बोलणं चालतं. लग्नात हाताला हळद असते, तेल असतं, ते तिथं बसतं. कॅमेरा बंद करून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं ते पुसा. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा आत जातो.

आता खरा चकवा. काही वेळा लेन्स पूर्ण उघडी असताना, म्हणजे एफ 3.5 ला, फोटो व्यवस्थित येतो आणि एफ 8 केलं की एरर येते, नाहीतर फोटो पांढराफटक. लेन्समधल्या पात्या एरवी उघड्याच असतात, फोटो निघताना क्षणभर मिटतात. म्हणून बिघाड एरवी दिसत नाही. मे महिन्यात बीडचा पारा 40 च्या वर जातो. अशा उन्हात बंद गाडीत लेन्स राहिली तर आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर पसरतं आणि त्या चिकटतात. हे काम मात्र कारागिराचंच.

शटरबद्दल सांगतो. दुकानाचं शटर डोळ्यासमोर आणा, पण एकामागं एक अशी दोन. पहिलं उघडतं, सेन्सरवर उजेड पडतो, दुसरं येऊन झाकतं. सेकंदाच्या 200 व्या किंवा 250 व्या भागापर्यंत मधे एक क्षण सगळा सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश तेवढ्यात चमकतो. त्याहून वेग वाढवला की पहिलं पुरतं उघडायच्या आत दुसरं निघतं, मधे नुसती फट सरकते. फ्लॅशचा उजेड फटीपुरताच लागतो आणि फोटोवर काळा पट्टा येतो. कितीतरी नवी पोरं हा पट्टा बघून शटर गेलं म्हणून रडकुंडीला येतात. फ्लॅश बंद करून उन्हात फोटो काढा. पट्टा गेला तर कॅमेरा ठणठणीत आहे, वेग कमी करा. उन्हातही वेग वाढवला की एक बाजू काळी पडत असेल तर मात्र या दोन शटरांची चाल बिघडलीय.

बीडमधल्या कंकालेश्वराच्या मंदिरावर मोकळं आकाश असतं. हंगामाआधी मी तिथं जाऊन एफ 16 ला निव्वळ आकाशाचा फोटो काढतो. सेन्सरवरची धूळ त्यात काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. ब्लोअरनं ती काढायची तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. सेन्सर साफ करताना शटर उघडं असतं, बॅटरी संपली तर ते ब्लोअरच्या टोकावरच मिटतं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. आणि शटरच्या पात्यांना बोट कधीच लावू नका. त्या इतक्या पातळ असतात की दाबल्यानं वाकतात, आणि एकदा वाकलेली पाती सरळ होत नाही, सगळं शटर बदलावं लागतं.

या धंद्यातल्या पोरांना माझं एकच मागणं आहे. मांडवात जाताना जुना का होईना, दुसरा कॅमेरा गळ्यात असू द्या, आणि अक्षता पडत असताना लेन्स काढू नका.